परसबागेत घुशींचा सुळसुळाट: विष न घालता काय करता येईल?

अंगणवेडी

मंडळी, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमचा जुना बंगला आहे. मागे दीडेक गुंठ्याची परसबाग. हळद, रताळी, थोडा भुईमूग, टोमॅटो, एक चिकू, एक शेवगा, आणि कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचा खड्डा. शेजारचा प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा होता, गवत आणि राडारोडा. यंदा तिथे पाया खणायला जेसीबी आला आणि तिथली सगळी प्रजा बाडबिस्तरा घेऊन आमच्याकडे उतरली आहे.

रताळ्याचे वेल वरून हिरवेगार, उपटावेत तर खाली नुसती सालं. हळदीच्या वाफ्यात रोज सकाळी ताज्या मातीचा उकीर. कंपाउंडच्या भिंतीलगत मूठ जाईल एवढी भोकं. टोमॅटो पिकायला लागला की अर्धा खाऊन तिथेच टाकलेला. चिकूखाली कच्ची फळं पडलेली, दातांच्या खुणांसकट. रात्री न्हाणीघरामागून काहीतरी चुकचुकत पळतं, त्याचा वेगळाच कुबट वास.

नवरा म्हणतो दुकानातून औषध आणू. सासूबाई म्हणतात गणपतीचं वाहन, या घरात मारायचं नाही. मला स्वतःला विष नको आहे, कारण आमचं कुत्रं जमिनीवर पडलेलं काहीही खातं आणि गुलमोहरावर पिंगळ्यांची जोडी आहे. पण बाग अशी वाटून खायचीही तयारी नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

टिवल्याबावल्या

वाहन उंदीर आहे, घूस नाही. हा तांत्रिक मुद्दा मांडून घरात मतदान घ्या.

(हलके घ्या. वाचतोय, कारण आमच्याकडेही रात्री मैफल असते.)

काळ्या आईचा

आधी कोण काय खातंय ते वेगळं करा. तुमच्या वर्णनात मला निदान चार जनावरं दिसतात आणि चौघांचा उपाय एक नाही.

मातीचा उकीर आणि जमिनीखालचं खाणं हे घुशीचं काम. घुशीही दोन प्रकारच्या. एक मोठी धिप्पाड, अर्ध्या किलोच्या पुढे सहज जाते, गटार, जोतं आणि जुन्या भिंतींच्या आसपास राहते, डिवचली तर केस फुलवून गुरगुरते. दुसरी तिच्याहून बरीच लहान, काळपट, आखूड तोंडाची. आमच्या साताऱ्याकडे उसात आणि भुईमुगात जी धुमाकूळ घालते ती हीच. ही बया बिळाचं तोंड आतून माती लावून बंद करते. त्यामुळे भोक दिसत नाही, नुसता भुसभुशीत ढीग दिसतो आणि माणसाला वाटतं वाळवी किंवा मुंग्या असतील. बिळात वेगळं कोठार असतं. काढणीनंतर बीळ खणलं तर आत ओंब्या आणि शेंगा नीट रचून ठेवलेल्या सापडतात.

टोमॅटो आणि चिकू खाणारा वेगळा. रात्री होत असेल तर घरउंदीर, तो उत्तम चढतो. त्याची शेपूट शरीराहून लांब असते, त्यावरून ओळखा. दिवसाढवळ्या होत असेल तर खार. रात्री झोपण्यापूर्वी आणि उजाडताच फळं बघा म्हणजे कळेल. खार रात्री बाहेर पडत नाही.

आणि चुकचुकणारी, वासाची, ती चिचुंद्री. तिला काही करू नका.

बिळांसाठी शेतातली पद्धत अशी. संध्याकाळी दिसेल ते प्रत्येक भोक मातीने दाबून बुजवायचं आणि शेजारी एक काडी रोवायची. सकाळी जी उघडलेली सापडतील तीच वापरातली. बाकीची जुनी किंवा पळवाटा. हे न करता लोक सगळ्या भोकांत काहीबाही ओतत बसतात.

पिंगळा

चिचुंद्रीबद्दल जोरात अनुमोदन. ती मुळात कृंतक नाहीच. तिला कुरतडायचे दात नसतात, लांब मऊ नाक आणि टाचणीएवढे डोळे असतात. खाते झुरळं, किडे, गोगलगायी. तुमची रताळी खाणं तिला जमणारच नाही. तिचा वास नकोसा असतो हे खरं, पण न्हाणीघरामागची झुरळं कमी आहेत ती तिच्यामुळे.

माझं नाव वाचून कळलंच असेल की पुढे मी काय म्हणणार. बागेत पिंगळे आहेत म्हणजे तुमच्याकडे काही प्रमाणात फुकटची रात्रपाळी चालू आहे. पिंगळा लहान पक्षी, तो किडे आणि पिटुकले उंदीर घेईल, मोठ्या घुशीला हात लावणार नाही. मोठं काम गव्हाणी घुबड करतं. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांमध्ये त्यांच्यासाठी मुद्दाम खोकी बसवतात, ते उंदरांसाठीच. आपल्याकडे मात्र घुबड अपशकुनी म्हणून लोक त्याची ढोली बुजवतात आणि मग उंदरांच्या नावाने खडे फोडतात.

विष घातलंत की ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. ब्रोमॅडिओलोनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या विषाने मरायला काही दिवस जातात. तेवढ्यात तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला, मांजराला, धामणीला आयता मिळतो. विष त्याच्या यकृतात असतंच.

वैदर्भी

विष म्हटलं की सगळे दचकतात, म्हणून दुसरी बाजू लिहिते. माझे बाबा शेती करतात. सोयाबीन आणि हरभऱ्यात उंदीर वाढले की झिंक फॉस्फाइड वापरावंच लागतं. पिंजरे लावून एकराएकरांत काही होत नाही. दीड गुंठ्याच्या बागेचे नियम शेतकऱ्याला लावू नका एवढंच म्हणणं आहे.

पण ते वापरायचीही रीत आहे. आधी दोन-तीन दिवस नुसतं तेल लावलेलं धान्य बिळापाशी ठेवायचं, विषाशिवाय. उंदीर नव्या वस्तूला आधी बिचकतो, थोडं कुरतडून बघतो. त्याला सवय झाली की मग विषाचं आमिष: ९६ भाग भरडलेलं धान्य, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड. काठीने कालवायचं, हाताने कधीच नाही, आणि थेट चालू बिळाच्या आत टाकून तोंड बंद करायचं. बांधावर फेकायचं नाही. पहिल्याच दिवशी विष घातलं तर थोडं खाऊन उंदीर आजारी पडतो, वाचतो, आणि नंतर ते आमिष कित्येक दिवस तोंडात घेत नाही. मग लोक म्हणतात औषध नकली होतं.

परसबागेत मात्र हे मीही घालणार नाही. पोटातल्या आम्लाशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही, ना कुत्र्यासाठी ना माणसासाठी.

मुका मित्र

पशुवैद्य आहे, म्हणून कुत्र्यापुरतं लिहितो.

रक्त पातळ करणाऱ्या विषाच्या वड्या कुत्र्याने खाल्ल्या तर जीवनसत्त्व के१ हा उतारा आहे, पण तो अनेक आठवडे द्यावा लागतो. लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी, हिरड्यांतून रक्त यायला लागल्यावर आणतात. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी या, आणि येताना वेष्टन घेऊन या. कुठलं विष आहे हे कळलं तर अर्धा वेळ वाचतो. झिंक फॉस्फाइडचं वर वैदर्भींनी लिहिलंच आहे.

सगळ्यात वाईट ती पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, जी अजूनही कुठेकुठे मिळते. यकृत निकामी करते, उतारा नाही, आणि ट्यूब दिसायला टूथपेस्टसारखी. घरात लहान मूल असो नसो, ही वस्तू उंबऱ्याच्या आत आणू नका.

आणखी एक. एरंडीची पेंड खत म्हणून घालत असाल तर थांबा. ‘उंदीर येत नाहीत’ म्हणून काही जण मुद्दाम घालतात. कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि ती त्यांना विषारी असते.

अंगणवेडी

बापरे, एरंडी पेंड मी शेवग्याला घालायचा विचार करत होते. रद्द.

काळ्या आईचा, काडीची युक्ती करून बघितली. भिंतीलगतची बहुतेक भोकं तशीच बुजलेली राहिली. चालू निघाली ती कचऱ्याच्या खड्ड्याच्या मागची आणि एक हळदीतलं. आता या बिळांचं काय करू? पाणी सोडू का? कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात मिरचीची धुरी द्या.

काळ्या आईचा

भिंतीजवळ पाणी सोडू नका. बिळं किती लांब गेली आहेत ते दिसत नाही. पोकळ झालेल्या मातीत पाणी मुरलं तर भिंत बसेल, घूस दुसरीकडून निघून जाईल. धुरीने बाहेर पडतात, पण पळवाट शोधून पुन्हा येतात. धुरीचा उपयोग दुसऱ्या टोकाला माणूस उभा असेल तरच, आणि तो उभा राहिला तरी काय करणार, काठी घेऊन? सासूबाई आहेत.

खरं उत्तर तुम्हीच देऊन बसला आहात: ‘कचऱ्याच्या खड्ड्याच्या मागची’. खड्डा आहे तोवर एक घूस गेली तरी दुसरी येणार. आधी खड्डा बंद करा. झाकणाच्या ड्रममध्ये कचरा जिरवा, ड्रमच्या तळाला आणि भोकांना जाळी मारा. शिजवलेलं अन्न, खरकटं, मासे-मटण काही घालू नका. खत आठवड्यातून एकदा तरी उलथंपालथं करा आणि ओलसर ठेवा. कोरड्या, न हलवलेल्या ढिगात त्या घर करतात. बिळं बुजवायचं काम त्यानंतर.

गच्चीवरची

मुंबईत सहाव्या मजल्यावर गच्चीत बाग आहे. कुणी म्हणेल इतक्या वर काय त्रास? पाइपवरून येतात हो! पावसाच्या पाण्याचा उभा पाइप म्हणजे त्यांची लिफ्ट.

माझ्याकडे कुंड्यांमध्ये उकराउकरी व्हायची ती शेंगदाणा पेंड आणि हाडांचं खत घातलं की. दोन्ही बंद करून नुसतं गांडूळखत आणि शेणखत ठेवलं तर उकरणं जवळपास थांबलं. पेंड घालायचीच असेल तर आंबवून पाणी करून घालते आणि वर मातीचा जाड थर देते.

पाइपला भिंतीपासून पत्र्याची थाळी बसवून घेतली, मधोमध पाइप आणि भोवती गोल पत्रा. गटाराच्या तोंडाला घट्ट जाळी. बी पेरलेल्या ट्रेवर रात्री जुनी पंख्याची जाळी उलटी ठेवते, वर दगड.

अवांतर: आमच्या महापालिकेकडे रात्री बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारणारे कर्मचारी आहेत, माहीत आहे का? एका रात्रीत निदान ३० मारायचं लक्ष्य असतं. माझ्या आजोबांच्या चाळीत एक जण राहायचे.

टिवल्याबावल्या

३० चं टार्गेट! आणि आमचा बॉस आम्हाला सांगतो की प्रेशर फक्त आयटीत आहे.

नाना ओसरीवाले

उंदीर हा थट्टेचा विषय आपल्या पिढ्यांना झाला. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. माझी आजी सांगायची, घरात उंदीर मरून पडला की कारण न विचारता भांडीकुंडी उचलून लोक गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायला जात. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं. लोकांनी त्याच्या आधीच अनुभवाने तेवढं ओळखलं होतं. म्हणून मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, पिसवा थंड पडलेलं अंग सोडून नवं अंग शोधतात.

डॉ. निवांत

नानांनी प्लेगचं लिहिलं, मी आज जे बघतो ते लिहितो. पावसाळ्यात बागकाम करणाऱ्यांना खरा धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा. उंदीर-घुशींच्या लघवीतून हे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगा, नखाजवळची चीर, खरचटलेली जागा यांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी लाट आली होती. कोकणात भातलावणीच्या दिवसांत दरवर्षी रुग्ण येतात.

तुमच्या हळदीच्या वाफ्यात घुशी आहेत, मग तिथे अनवाणी किंवा स्लिपर घालून जाऊ नका. गमबूट आणि रबरी हातमोजे. नंतर साबणाने हातपाय. ताप, सडकून अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं, असं काही झालं तर डॉक्टरांना ‘बागेत उंदीर आहेत’ हे वाक्य आवर्जून सांगा. रुग्ण ते सांगत नाहीत आणि आम्ही डेंग्यू शोधत बसतो. लवकर सुरू केलं तर साधी प्रतिजैविकं पुरतात, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या व्हॉट्सअॅप वाचून घेऊ नका, विचारून घ्या.

लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून, थोडा वेळ ठेवून, मग पुसून घ्या.

वैदर्भी

गवतही कापून ठेवा. २०१८ मध्ये आमच्याकडे नागपूर भागात स्क्रब टायफस हा ताप आला होता, त्याचे सूक्ष्म किडे उंदरांच्या अंगावर आणि उंच गवतात असतात.

माडवाला

गुहागरकडचा आहे. घुशीपेक्षा आम्हाला माडावरचा उंदीर जास्त नडतो. कोवळी फळं देठापाशी भोक पाडून आतलं सगळं साफ, आणि सकाळी झाडाखाली रिकाम्या कवट्या. त्याला एकच उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. बुंध्यावर, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून ठोकायचा. नखं घसरतात, वर जाता येत नाही. एका अटीवर: शेजारच्या झाडाच्या झावळ्या किंवा फांद्या लागता कामा नयेत. लागत असतील तर पत्रा शोभेचा. तुमच्या चिकूला हे जमणार नाही कारण तो खालूनच फांद्या टाकतो. त्याला फळं जून झाली की जाळीच्या पिशव्या बांधा.

आमच्याकडे वईला, म्हणजे झाडांच्या कुंपणाला, गिरिपुष्प असतं, त्याला उंदीरमारीच म्हणतात. जुने लोक त्याचा पाला आणि साल वाटून भातात कालवून ठेवायचे. विष नको असेल तर हा नैसर्गिक प्रकार करून बघा.

आणि ज्यांना वाटतं घूस हा मोठा शत्रू आहे त्यांनी एकदा साळींदर सांभाळावं. नवीन लावलेल्या माडाच्या रोपाचा गाभा एका रात्रीत खाऊन मोकळं. सुरण, कोनफळ, अननस काही सोडत नाही. वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्याने हातही लावता येत नाही, आणि गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) येतं कसं हे मला आजवर कळलेलं नाही.

पिंगळा

माडवाला, उंदीरमारीत ‘नैसर्गिक’ काय नि ‘कृत्रिम’ काय? पाल्यात कूमारिन असतं. ते आंबलं, बुरशी-जिवाणूंनी बदललं, की त्याचं डायकूमेरॉल होतं. रक्त गोठत नाही आणि आत रक्तस्राव होऊन प्राणी मरतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात गोड क्लोव्हर नावाचा कुजट चारा खाऊन गुरं अशीच मरत होती. त्याचाच माग काढत पुढे वॉरफरिन हे उंदरांचं विष आलं. म्हणजे दुकानातल्या वड्यांचं हे घरचं भावंड, फक्त मात्रा किती ते कुणाला माहीत नाही. कुत्र्याच्या घरात तो भात ठेवू नका.

माडवाला

हे ठाऊक नव्हतं. वईला आहे ते राहू दे मग, खत चांगलं होतं त्याचं.

झटपट उपाय

एवढं कशाला? गोंदाचे पॅड मिळतात, रात्री टाका, सकाळी चिकटलेला असतो. काम तमाम.

मुका मित्र

काम तमाम होत नाही हीच अडचण आहे. तो जिवंत चिकटलेला असतो, स्वतःचा पाय कुरतडतो, भुकेने आणि भीतीने तासन् तास घालवून मरतो. बागेत टाकलात तर त्याच्याआधी सरडा, चिचुंद्री, दयाळाचं पिल्लू, एखादा साप चिकटेल. असे पक्षी आणि साप माझ्याकडे येतात, खाद्यतेल लावून सोडवावे लागतात आणि सगळे वाचत नाहीत. अॅनिमल वेल्फेअर बोर्डाने या पॅडविरुद्ध राज्यांना कळवलेलं आहे. मारायचंच असेल तर एका फटक्यात मान मोडणारा चांगला चाप शंभर पटीने बरा. तोही खोक्याच्या आत ठेवायचा, म्हणजे पक्षी अडकत नाहीत.

अंगणवेडी

पॅड नको. चापही आमच्या घरी मंजूर होणार नाही. पिंजरा चालेल असा सासूबाईंचा निकाल आला आहे. पण पिंजऱ्यात भजी ठेवून बघितलं, तर भजी मुंग्यांनी खाल्ली.

काळ्या आईचा

बागेत रताळी असताना भजी कोण खातं! आधी तयार आहे ते सगळं काढून घ्या. शेंगा, रताळी, खाली पडलेले चिकू, कुत्र्याची रात्रभर भरलेली थाळी. भूक लागली की पिंजरा चालतो.

आमिष म्हणून भाजलेलं खोबरं किंवा सुकट. आकड्याला दोऱ्याने घट्ट बांधा, नाहीतर ओढून नेतात. पहिल्या काही रात्री पिंजऱ्याचं दार तारेने उघडंच बांधून ठेवा, खाऊ द्या, जाऊ द्या. मग एका रात्री तार काढा. पिंजरा मोकळ्यावर ठेवू नका, भिंतीला चिकटून, वर गोणपाट टाकून. हे प्राणी मिशांनी भिंत चाचपत कडेकडेने जातात. मोठ्या घुशीला उंदराचा पिंजरा पुरत नाही, हार्डवेअरच्या दुकानात मोठा मागा.

रताळी-आळस

आणि पकडल्यावर? आम्ही टेकडीवर नेऊन सोडतो, फिरायला जायचंच असतं.

पिंगळा

टेकडीवर सोडलेली घूस एकतर अनोळखी जागेत मरते, किंवा टेकडीच्या पायथ्याशी जी सोसायटी आहे तिथे जाते. आणि टेकडीवरच्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाते ते वेगळंच. हा उपाय फक्त सोडणाऱ्याच्या मनाला बरा वाटतो.

मुका मित्र

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर पूर्वी पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं, पण उंदीर-घुशींना संरक्षण मिळालं असं झालं नाही. क्रूरपणे मारणं मात्र १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात बसतं. पिंजरा पाण्याच्या पिंपात बुडवणं ही आपल्याकडची रूढ पद्धत क्रूरच आहे. घरी करवत नसेल तर व्यावसायिक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण त्याला ‘विषाच्या वड्या नकोत’ हे लेखी सांगा. आणि बिळात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी काढल्या तर त्याला गेटबाहेर काढा. त्याचा वायू भिंतीच्या फटींतून घरात येतो आणि झोपलेली माणसं मरतात.

जर्सीकर

न्यू जर्सीत राहतो. इथे घूस नाही, पण ग्राउंडहॉग नावाचा मांजराएवढा जाडजूड प्राणी आहे. मेथी आणि वालाच्या शेंगांवर त्याचं माझ्या बायकोइतकंच प्रेम. इथे सगळे करतात ते सांगतो, तुमच्याकडेही चालावं. कुंपणाची जाळी जमिनीत फूटभर पुरायची आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवून आणखी फूटभर आडवं पसरायचं. खणणारा प्राणी कुंपणाला नाक लावूनच खणायला लागतो, खाली जाळी लागते. मागे सरकून दूरवरून बोगदा काढावा हे त्याच्या डोक्यात येत नाही. वरचं टोकही थोडं सैल आणि बाहेर झुकलेलं ठेवायचं, म्हणजे चढला तर डुगडुगतं.

गच्चीवरची

जाळी घेताना पाव इंची वेल्डमेश घ्या, गॅल्व्हनाइज्ड. कोंबड्यांची षटकोनी जाळी स्वस्त मिळते, पण पिल्लू उंदीर आरपार जातात आणि पातळ तार गंजली की मोठेही. प्लॅस्टिकची हिरवी जाळी तर त्यांना दात घासायला. नायलॉनची पक्ष्यांची जाळी जमिनीपर्यंत सोडू नका, त्यात साप अडकून मरतात.

अंगणवेडी

खूप उपयोग झाला सगळ्यांचा. आतापर्यंत काय केलं ते लिहिते.

खड्डा बंद केला, ड्रम आणला. खड्डा बुजवताना मागच्या बाजूचा जुन्या विटांचा ढीग पण उचलला आणि खरा पत्ता तिथेच निघाला, विटांखाली चिंध्या, प्लॅस्टिक, शेंगांची टरफलं. ढीग हलवल्यापासून त्या बाजूचा उकीर बंद आहे. चालू बिळं तारेच्या घासण्या कोंबून, वर काचा आणि सिमेंट घालून बुजवली. हळदीतलं मात्र पुन्हा दुसरीकडून उघडलं. भुईमूग काढून टाकला, यंदा जेवढा मिळाला तेवढा. रताळ्यासाठी वाफा दोन फूट खणून तळाला आणि चारी बाजूंना वेल्डमेश टाकून परत माती भरतेय. जाळीला पैसे लागले, पण एकदाच.

टोमॅटोचं कोडं सुटलं. पहाटे सगळे शाबूत, नऊ वाजता दोन खाल्लेले. खार! आणि अर्धे बुलबुल. त्यांच्यावर रागवायची इच्छा होत नाही, रंग बदलला की तोडून घरात पिकवते.

नवा प्रश्न: पलीकडचे काका रोज सकाळी पारव्यांना किलोभर ज्वारी आणि चणे टाकतात. उरलेलं रात्री कोण खातं ते मी टॉर्च मारून बघितलंय. त्यांना सांगायचं कसं? पुण्यकर्म म्हणतात.

नाना ओसरीवाले

पुण्यकर्म करू नका असं सांगितलं तर भांडण होईल. एकदा चहाला बोलवा आणि रात्री नऊनंतर गॅलरीतून तेच दृश्य दाखवा. सोबत डॉक्टरसाहेबांचा लेप्टोवरचा प्रतिसाद छापून द्या. ज्येष्ठ नागरिकाला आपल्या मूत्रपिंडांची काळजी असतेच, स्वानुभव आहे.

टिवल्याबावल्या

जरा विषय सोडून: यांनी माझ्या गाडीच्या वायरी खाल्ल्या. पार्किंगमध्ये महिनाभर उभी होती. मेकॅनिक म्हणतो बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या बांधा. खरंच चालतं का?

काळ्या आईचा

तंबाखूचा वास चार दिवस टिकतो, उंदीर पाचव्या दिवशी येतो. डांबर गोळ्या, पुदिन्याचं तेल, प्लगमध्ये लावायचं ते आवाजाचं यंत्र, सगळ्यांची तीच कथा. गाडी दोन दिवसाआड सुरू करून थोडी फिरवा आणि नेहमीची जागा बदला. गाडीत बिस्किटाचे पुडे, मुलांचा खाऊ ठेवू नका. रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर आत उजेड आणि वारा लागतो, त्यांना आडोसा मिळत नाही. जमिनीवर उभं पार्किंग असेल तर आजूबाजूची अडगळ हलवा. आणि विम्यात उंदरांचं नुकसान धरतात का ते पॉलिसीत वाचून घ्या, प्रत्येकाची अट वेगळी असते.

टिवल्याबावल्या

मागच्या सीटखाली चकलीचा डबा सापडला. दिवाळीतला.